लाल किनारीचा ढेकूण : रक्त पिणारा की शिकारी? ओळख पटवण्यासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्री दिव्याखाली किंवा भिंतीवर एखादा काळपट, लांब डोक्याचा, कडेला लालसर पट्टी असलेला किडा दिसतो. कोणीतरी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकतं आणि दहा मिनिटांत उत्तर येतं, "हा किसिंग बग आहे, चावला तर हृदय निकामी होतं." मग चप्पल निघते. त्या चपलेखाली बहुतेक वेळा शेताचा आणि बागेचा मित्रच मरतो. क्वचित खरोखरच रक्त पिणारी जात असते, पण ती कोणती होती याची नोंद राहत नाही. हे प्रश्न आणि उत्तरं त्या गोंधळासाठी आहेत.

किसिंग बग म्हणजे नेमका कोणता किडा? तो आपल्याकडे आहे का?

आहे. त्याचं शास्त्रीय नाव ट्रायाटोमा रुब्रोफॅसिएटा. स्वीडनच्या शार्ल द गेर यांनी १७७३ साली त्याचं पहिलं वर्णन केलं. माणसाचं आणि प्राण्यांचं रक्त पिणाऱ्या या गटातली शास्त्राला माहीत झालेली ही पहिली जात. या गटात दीडशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक सगळ्या अमेरिका खंडातल्या. ही एक जात मात्र जगभरच्या उष्ण प्रदेशांत, मुख्यतः बंदरांच्या गावांत पसरली. ती काळ्या उंदराच्या मागोमाग जहाजांतून गेली असं मानलं जातं. भारतातही ती सापडते. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट किनारपट्टीवर घरात मोठा काळपट ढेकूण दिसला तर तिचा विचार करायलाच हवा.

या पानावर तिला "लाल किनारीचा ढेकूण" म्हटलं आहे. ती ज्या कुळातली आहे त्याचं नाव रेडुव्हिइडी. या कुळात सुमारे सात हजार जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य इतर किडे मारून खातात. त्यांना इंग्रजीत असॅसिन बग म्हणतात, आपण शिकारी ढेकूण म्हणू. म्हणजे रक्त पिणारे आणि शिकार करणारे हे एकाच कुळातले भाऊबंद आहेत. दिसायला एकमेकांसारखे असतात आणि घोटाळा होतो तो तिथेच.

ओळखायला सुरुवात कुठून करू?

सोंडेपासून. रंग, पट्टे, आकार सगळं नंतर.

या किड्यांना जबडा नसतो. डोक्याच्या पुढच्या टोकापासून एक सोंड निघते आणि ती खाली, पोटाच्या बाजूला दुमडलेली असते. किडा वरून पाहिला तर ती दिसतच नाही, आणि लोक पाठवतात ते फोटो जवळजवळ सगळे वरूनच काढलेले असतात. म्हणून किडा काचेच्या बाटलीत घ्या आणि बाजूने पाहा. साधं भिंगही पुरतं. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो मोठा केला तरी चालतं.

शिकारी ढेकणाची सोंड आखूड, जाड आणि विळ्यासारखी वाकलेली असते. डोकं आणि सोंड यांच्यामध्ये मोकळी जागा दिसते, बाजूने पाहिलं तर पलीकडचा उजेड दिसतो. अळीच्या किंवा मुंगीच्या अंगात ती खुपसायची, आत लाळ सोडायची, आतलं मांस पातळ झालं की ओढून घ्यायचं, असं तिचं काम. त्यासाठी जोर लागतो, म्हणून ती दणकट असते.

लाल किनारीच्या ढेकणाची सोंड बारीक आणि सरळ असते. डोक्याच्या खालच्या बाजूला ती चिकटून राहते, मध्ये फट जवळजवळ दिसत नाही. टोक पुढच्या पायांच्या मधल्या खोबणीपर्यंत पोचतं, त्यापलीकडे जात नाही. झोपलेल्या प्राण्याला जाग येऊ न देता रक्तवाहिनी गाठायची असते, तिथे जाड सोंड कामाची नाही.

तिसरा प्रकार झाडांचा रस पिणाऱ्या ढेकणांचा. त्यांचीही सोंड सरळ आणि बारीक असते, पण चार खंडांची, म्हणजे सांध्यांनी जोडलेल्या चार तुकड्यांची असते आणि बहुतेकांत पुढच्या पायांच्या पुष्कळ मागे, छातीखालून जाते. वरच्या दोन्ही प्रकारांत सोंडेचे तीनच खंड दिसतात. खंड मोजणं पहिल्यांदा जड जातं. लांबी पाहणं सोपं.

एवढं एक पाहिलंत तरी दहातल्या नऊ शंका मिटतात असं माझं ठाम मत आहे.

पण लाल किनार दिसते आहे. तेवढ्यावरून ठरत नाही का?

नाही ठरत, आणि का ठरत नाही याचं उत्तम उदाहरण आपल्याच शेतात आहे. ऱ्हायनोकोरिस मार्जिनॅटस नावाचा एक शिकारी ढेकूण भारतात अनेक पिकांवर आढळतो. तमिळनाडूत पालयमकोट्टैच्या सेंट झेवियर्स कॉलेजात डन्स्टन अँब्रोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकारी ढेकणांवर अनेक दशकं काम केलं. या जातीची तीन रूपं नोंदली गेली आहेत. पोटाची कड, म्हणजे मिटलेल्या पंखांच्या बाहेर दोन्ही बाजूंना डोकावणारी पट्टी, एकात काळी असते, दुसऱ्यात लाल, तिसऱ्यात आळीपाळीने काळी-लाल. जात एकच. ज्या कडेवरून आपण "किसिंग बग" म्हणून निकाल देतो, ती कड इथे एकाच जातीत तीन रंगांची.

आणि लाल-काळा रंग तर कीटकांत फार वापरला जातो. कपाशीवरचा लाल ढेकूण लाल-काळा. रुईच्या झाडावर घोळक्याने बसणारे ढेकूण लाल-काळे. यांतलं कोणी रक्त पीत नाही.

सोंड सरळ आणि बारीक निघाली. आता पुढे काय पाहू?

आता रंगाकडे यायला हरकत नाही, पण क्रमाने.

आधी डोकं. लाल किनारीच्या ढेकणाचं डोकं लांबट आणि साधारण दंडगोलाकार असतं. डोळे बाजूला, डोक्याच्या मागच्या भागात. डोळ्यांच्या पुढे डोकं बरंच लांब जातं. मिशा डोळ्यांना लागून निघत नाहीत. डोळा आणि डोक्याचं टोक यांच्या साधारण मध्यावर, बाजूने निघतात.

मग मिशीचा पहिला खंड पाहा. या जातीची सगळ्यात भरवशाची खूण हीच. पहिला, थोडा जाड खंड डोक्याच्या टोकापर्यंत पोचतो किंवा त्याच्या पुढेही जातो. या गटातल्या बहुतेक इतर जातींत तो डोक्याच्या टोकाच्या आतच संपतो. फोटोत मिशा तुटलेल्या नसतील तर हे वरूनही दिसतं.

मग अंग. लांबी साधारण २ ते २.५ सेंटिमीटर. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे, म्हणजे किडा त्या नाण्याहून किंचित आखूड भरेल. अंगाचा रंग गडद तपकिरी ते काळा. डोक्यामागच्या रुंद पाटीच्या दोन्ही कडा नारिंगी-लालसर. पोटाच्या कडेलाही तशीच अरुंद रेघ, आणि ती बाहेरच्या काठाने सलग चालते. अमेरिकेतल्या अनेक जातींत कडेला आडवे पट्टे असतात, तसे ठळक आडवे पट्टे इथे नसतात.

शेवटी पाय. सहाही पाय बारीक आणि गडद. शिकारी ढेकणांत पुष्कळदा पुढचे पाय जाड, केसाळ किंवा टोकाला गादी असलेले असतात, कारण शिकार धरून ठेवायची असते.

सोंड, मिशीचा पहिला खंड आणि सलग किनार हे तिन्ही जुळलं तरच नाव घ्या. दोन जुळतात आणि तिसरं फोटोत दिसत नाही, अशा वेळी "बहुधा" म्हणून थांबा. थांबण्यात काही कमीपणा नाही.

कोणकोणत्या किड्यांशी याची गफलत होते?

पहिला मान ऱ्हायनोकोरिसचा. वर सांगितलेला मार्जिनॅटस आणि त्याचा थोडा लहान भाऊ फ्युसिपेस. दोघे शेतात, बांधावर, बागेत दिवसा हिंडतात. पाने खाणारी अळी, घाटे अळी, कपाशीवरचे लाल ढेकूण हे त्यांचं खाद्य. सोंड ठळकपणे वाकडी. घरात आले तर चुकून आलेले असतात.

दुसरे एक्टोमोकोरिस आणि त्यांचे नातलग. जमिनीवर, दगडाखाली, पालापाचोळ्यात राहणारे काळे किडे. पंखांवर अनेकदा पिवळसर किंवा नारिंगी डाग असतो. हे रात्री दिव्याला येतात, त्यामुळे घरातल्या फोटोंत यांचं प्रमाण मोठं. पुढचे पाय चांगले जाड. यांना हातात धरू नका, यांचा दंश फार दुखरा असतो.

तिसरे अकँथॅस्पिस. यांची पिल्लं मुंग्या मारून खातात आणि अंगावर माती, कचरा, काही जातींत तर मेलेल्या मुंग्यांची कलेवरं लादून फिरतात. कोपऱ्यात धुळीचा गोळा चालताना दिसला तर तो हा किंवा याच्या कुळातला कोणी असू शकतो. मात्र धूळ अंगावर घेण्याची सवय रक्त पिणाऱ्या गटातल्या काही पिल्लांतही दिसली आहे, म्हणून धुळीवरून निकाल देऊ नका. ब्रशने हलकेच धूळ झाडा आणि सोंड पाहा.

कपाशीवरचा लाल ढेकूण, डिस्डर्कस, शेतकऱ्याला वेगळा सांगायला नको. शहरात भेंडीवर, जास्वंदीवर तो दिसला की मात्र लोक घाबरतात. तो सरकीचा आणि बियांचा रस पितो. त्याच्यासारखाच दिसणारा आणि त्यालाच खाणारा अँटिलोकस नावाचा एक लाल ढेकूणही आहे. तो शिकारी असूनही त्याची सोंड सरळ, चार खंडांची असते, कारण तो रेडुव्हिइडी कुळातला नाही. सोंडेचा नियम इथे थोडा डळमळतो. नियमाला असलेला हा अपवाद मला मुद्दाम सांगावासा वाटतो. तरी रक्त पिणाऱ्याशी त्याचा गोंधळ व्हायचं कारण नाही: डोकं आखूड, रंग भडक लाल, आणि वावर दिवसा झाडावर.

भाताच्या लोंबीवरच्या ढेकण्या आणि काजूवरच्या ढेकण्या कोकणातून बऱ्याचदा विचारल्या जातात. दोन्ही सडपातळ, झाडाचा रस पिणाऱ्या. पावसाळ्यात दिव्याला येणारा पाण्यातला भलामोठा चपटा ढेकूणही विचारला जातो. तो बोटाएवढा मोठा असतो आणि त्याचे मागचे पाय पोहण्यासाठी चपटे झालेले असतात, बघताच वेगळा कळतो.

कोळिष्टकात लटकणारा, काडीसारख्या पायांचा, डासासारखा किडा दिसला तर तोही शिकारी ढेकूणच आहे, अगदी बारीक अंगाचा. त्याला तिथेच राहू द्या.

अंथरुणातला नेहमीचा ढेकूण आणि हा, एकच का?

नाही. अंथरुणातला ढेकूण जेमतेम ५ मिलिमीटरचा, बिनपंखांचा, गोलसर चपटा. दोघे रक्त पितात एवढंच साम्य.

पंख नसलेलं पिल्लू सापडलं आहे. ते कसं ओळखू?

पिल्लाची ओळख पटवणं अवघड आहे. अंड्यातून बाहेर पडल्यावर पिल्लू पाच अवस्थांतून जातं, प्रत्येक वेळी कात टाकतं आणि मगच पंख फुटतात. लाल किनारीच्या ढेकणाच्या पिल्लाला प्रत्येक अवस्थेत रक्त लागतं, म्हणून ते यजमानाच्या जवळपास, उंदराच्या बिळात किंवा भिंतीच्या भेगेतच असतं. उडता येत नसल्याने दिव्याला येत नाही.

पिल्लांत रंगाच्या खुणा अजून पुऱ्या आलेल्या नसतात. सोंड मात्र पहिल्या दिवसापासून तशीच असते. पिल्लावरून "रक्त पिणाऱ्या गटातलं" इथपर्यंत जाता येईल. जातीचं नाव तज्ज्ञाकडूनच घ्या. आणि घरात पिल्लू सापडलं याचा अर्थ प्रौढापेक्षा गंभीरपणे घ्यायला हवा: प्रौढ बाहेरून उडत आलेला असू शकतो, पिल्लू म्हणजे जवळपास कुठेतरी बस्तान आहे.

मला काहीतरी चावलं. चाव्यावरून कोण ते कळेल का?

अंदाज येतो, खात्री नाही. शिकारी ढेकूण स्वतःहून माणसाला चावायला येत नाही. तो हातात धरला, कपड्यात अडकला, दाबला गेला तर बचावासाठी खुपसतो, आणि त्या क्षणीच तीव्र आग होते. माणूस ओरडतोच. काम करताना, दिवसा, एकच दंश, आणि किडा बहुतेक वेळा समोर दिसतो.

लाल किनारीचा ढेकूण झोपेत येतो. रक्त पिताना सहसा कळत नाही, कारण दुखलं तर त्याचं जेवण बुडेल. सकाळी उघड्या राहिलेल्या अंगावर सूज, खाज, लाल चट्टे दिसतात. काहींना याच्या लाळेची ॲलर्जी असते. व्हिएतनाम, दक्षिण चीन आणि हवाई इथे या जातीच्या चाव्यानंतर तीव्र ॲलर्जीच्या घटना वैद्यकीय लिखाणात नोंदल्या आहेत. आपल्या भागात याचा खरा धोका असेल तर तो हाच आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

जागा साबण-पाण्याने धुवा, थंड पट्टी ठेवा, खाजवू नका. अंगभर पित्त उठलं, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, सरळ रुग्णालय गाठा किंवा १०८ ला फोन करा.

याच्यामुळे चागास रोग होतो ना?

चागास म्हणजे सुरुवातीला म्हटलेला, हृदय निकामी करू शकणारा आजार. भारतात या किड्यामुळे माणसाला चागास झाल्याची नोंद नाही. हे वाक्य मी पुन्हा लिहायला तयार आहे, कारण भीतीचं मूळ इथे आहे.

चागास रोगाचा परजीवी ट्रिपॅनोसोमा क्रूझी. ब्राझीलच्या कार्लोस चागास यांनी तो १९०९ साली मिनास जेराइस राज्यातल्या लासान्स या गावी शोधला. परजीवी, त्याला वाहून नेणारा कीटक आणि माणसातला आजार हे तिन्ही एकाच संशोधकाने उलगडले, वैद्यकशास्त्रात हे फार विरळ. आज जगात सुमारे ६० ते ७० लाख लोकांना हा संसर्ग असल्याचा अंदाज आहे आणि त्यांतले बहुतेक लॅटिन अमेरिकेतले आहेत.

संसर्ग चाव्यातून, लाळेतून होत नाही. रक्त पिऊन झाल्यावर किडा तिथेच विष्ठा टाकतो, माणूस खाजवतो आणि विष्ठेतला परजीवी जखमेतून किंवा डोळ्यातून आत जातो. म्हणजे आधी तो परजीवी त्या प्रदेशातल्या प्राण्यांत फिरता असावा लागतो. आपल्याकडे तो तसा नाही. लाल किनारीच्या ढेकणात आपल्याकडे सापडतो तो मुख्यतः उंदरांचा दुसरा एक परजीवी, ट्रिपॅनोसोमा कोनोर्हिनी. चार्ल्स डोनोव्हन यांनी मद्रासमध्ये काम करताना १९०९ सालीच त्याचं वर्णन केलं होतं. तो माणसाला आजार देत नाही.

तरी शास्त्रज्ञ या जातीवर लक्ष ठेवतात, आणि ते योग्यच आहे. ब्राझीलमध्ये याच जातीत क्रूझी सापडला आहे. म्हणजे परजीवी आला तर वाहक इथे आधीच हजर आहे. म्हणूनच नीट फोटो, ठिकाण आणि तारीख असलेली प्रत्येक नोंद मोलाची ठरते.

पण चंद्रपूरला कुणाला तरी असा आजार झाला होता, असं वाचलं होतं...

बरोबर वाचलंत, पण त्यात हा किडा नव्हता. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा परजीवी सापडला. जनावरांना होणाऱ्या सर्रा रोगाचा हा परजीवी. उंट, घोडे, गुरं यांच्यात तो चावऱ्या गोमाशांमुळे पसरतो. माणसात तो सापडल्याची ही जगातली पहिली खात्रीची नोंद होती. आपल्या रक्तात अशा परजीवींना मारणारं एक प्रथिन असतं. या रुग्णात जन्मजात ते नव्हतं असं पुढे तपासात निघालं. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. परजीवींची नावं एका घराण्यातली असल्यामुळे बातम्यांत दोन्ही एकत्र मिसळले गेले.

हा घरात येतोच का? आला तर काय करू?

उंदरांसाठी येतो. सगळ्यात आधी उंदरांचा बंदोबस्त करा, बाकी सगळं त्यानंतर.

जुनी कौलारू घरं, सांधे मोकळे झालेल्या जांभ्याच्या भिंती, घराला टेकून रचलेली लाकडं, न वापरलेली खोली, कोंबड्यांचं खुराडं, धान्याची पोती या सगळ्या जागा उंदरांच्या, म्हणून याच्याही. लाकडांची रास घरापासून दूर हलवा. भेगा बुजवा. पलंग भिंतीपासून थोडा पुढे घ्या आणि मच्छरदाणीची कड गादीखाली खोचा. खिडक्यांना जाळी लावा, दाराबाहेरचा दिवा रात्रभर जळता ठेवू नका.

घरभर कीटकनाशक मारू नका. भेगेत बसलेल्यापर्यंत ते पोचत नाही, मात्र कोळी, पाली आणि शिकारी ढेकूण या फुकटच्या राखणदारांवर परिणाम होतो. बिळं तशीच राहिली तर महिन्याभराने परिस्थिती जैसे थे.

शेतात लाल-काळे शिकारी ढेकूण खूप दिसत आहेत. पिकाला धोका आहे का?

उलट, पिकाचं नशीब आहे. ते अळ्या खातात. पान, फूल, बोंड, शेंग यांना त्यांच्यापासून काही होत नाही. फवारणीआधी एकदा सोंड पाहा: वाकडी असेल तर मित्रकीटक. कपाशी, भुईमूग, सोयाबीनच्या शेतात बांधावर थोडी फुलझाडं आणि गवत राहू दिलं तर त्यांना लपायला जागा मिळते.

मुलांना मात्र सांगून ठेवा की हात लावायचा नाही.

ओळख पटण्यासारखा फोटो कसा काढावा?

तीन फोटो हवेत. एक वरून, दोन्ही मिशा आणि पोटाची कड दिसेल असा. एक अगदी बाजूने, सोंडेवर फोकस केलेला. एक पोटाकडून. काचेची बाटली किंवा पारदर्शक डबी किड्यावर पालथी ठेवा, खालून जाड कागद सरकवा, आणि बाटलीच्या काचेतूनच पोटाचा फोटो घ्या. दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवला तर किडा मंदावतो आणि फोटो स्थिर येतो. शेजारी नाणं किंवा मोजपट्टी ठेवा. फ्लॅश टाळा, काळ्या चकचकीत अंगावर त्याचा नुसता पांढरा ठिपका उमटतो.

सोबत लिहा: गाव, तालुका, तारीख, वेळ, घरात की बाहेर, दिव्याजवळ की अंथरुणात, जवळपास उंदीर किंवा कोंबड्या आहेत का. "माझ्या घरात सापडला" एवढ्याने काही कळत नाही.

ॲपने लगेच नाव सांगितलं. विश्वास ठेवू का?

कुळापर्यंत ठेवा. संगणक वरून काढलेल्या फोटोवर रंग आणि आकार जुळवतो, आणि रंग इथे फसवतो हे आपण पाहिलं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकलीत तर ॲपच्या सूचनेनंतर माणसंही तपासतात, त्यांचं मत येईपर्यंत थांबा. तिन्ही फोटो टाका. नाव माहीत नसेल तर "रेडुव्हिइडी" एवढंच लिहून सोडलेलं चांगलं.

प्रत्यक्ष नमुना कोणाला दाखवता येईल?

कृषी विद्यापीठांचे कीटकशास्त्र विभाग जवळचे: राहुरी, अकोला, परभणी, दापोली. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे. जाण्याआधी फोटो पाठवून विचारा, नमुना नेण्याची गरज आहे का ते कळेल.

भारतात रक्त पिणारी ही एकच जात आहे का?

नाही. लिन्शकॉस्टियस नावाचा एक वंश फक्त भारतात आढळतो, जगात इतरत्र कुठेही नाही. त्यात सहा जाती आहेत आणि त्यांतल्या दोघींची नावं चक्क छोटा आणि काली अशी आहेत. हे किडे खडकांच्या कपारीत आणि झाडांच्या ढोल्यांत राहतात. त्यांची सोंड आणखी आखूड असते, छातीपर्यंत पोचत नाही, आणि छातीखालची ती खोबणीही नसते. घरात ते सहसा येत नाहीत. पण खडकाळ माळावर, ढोलीजवळ असं काही दिसलं तर ती विरळ नोंद आहे, फोटो काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हातात धरल्यावर किडा चिरचिर आवाज करतो. हा रक्त पिणारा का?

आवाजावरून कळत नाही. सोंडेचं टोक छातीखालच्या खोबणीत घासून या कुळातले बहुतेक सगळेच आवाज काढतात, शिकारी आणि रक्त पिणारे दोघेही. तो "सोड मला" असा इशारा आहे. सोडा.

माझी बहीण टेक्सासला आहे. तिच्या अंगणातही असाच किडा दिसला. तिला काय सांगू?

तिथे गोष्ट वेगळी आहे, आणि वरचा "भारतात नोंद नाही" हा दिलासा तिच्याकडे तसाच पाठवू नका. अमेरिकेच्या दक्षिण भागात ट्रायाटोमाच्या स्थानिक जाती आहेत, त्यांच्यात क्रूझी सापडतो, आणि टेक्सास, कॅलिफोर्निया अशा काही राज्यांत माणसाला तिथल्या तिथे संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत. पाळीव कुत्र्यांनाही होतो. तिथे रक्तदात्यांची चागाससाठी चाचणी २००७ पासून सुरू झाली. तिला म्हणावं, किडा उघड्या हाताने धरू नकोस, डबीत घे आणि तिथल्या आरोग्य विभागाला किंवा विद्यापीठाला विचार.

अर्थात तिथेही चुकीची ओळख होतेच. पाठीवर दातेरी चाकासारखा कंगोरा असलेला मोठा राखाडी किडा असेल तर तो व्हील बग, तिकडचा मोठा शिकारी ढेकूण. कंगोऱ्यामुळे तो वरूनच ओळखू येतो आणि रोग पसरवत नाही. दंश मात्र जबर दुखतो.

घाईत चुरडून टाकला. आता काही कळेल का?

पुष्कळदा कळतं. चेंगरलेलं पोट सोडून द्या, डोकं शाबूत आहे का ते पाहा, कारण कामाच्या खुणा सगळ्या डोक्यावर आहेत. हातमोजा किंवा चिमटा वापरून उरलेला किडा छोट्या बाटलीत घ्या, बुडेल इतकं ७० टक्के अल्कोहोल घाला. सॅनिटायझरची जेल नको, त्यात तो चिकट होऊन बसतो. पेन्सिलीने कागदाच्या चिठ्ठीवर ठिकाण आणि तारीख लिहून चिठ्ठी बाटलीतच टाका. शाई अल्कोहोलमध्ये उतरते. जिथे मारला ती जागा साबणाने पुसा आणि हात धुवा. मग भिंग घेऊन त्याच डोक्यावरची सोंड पाहा आणि तिचा फोटो काढा.